आईनं ठेवलेलं प्रस्थान

कॉलेजच्या शेवटच्या सत्रात बिझनेसच्या विद्यार्थ्यांच्या ऑनर सोसायटीचं आमंत्रण आलं. वर्गातल्या वरच्या मोजक्या मुलांनाच ते येतं. समारंभात सगळ्यांनी एकत्र शपथ घ्यायची, मग कोटावर पिन लावतात आणि तुम्ही आयुष्यभराचे सदस्य. नियम दोनच, पण कडक. काळा कोट हवा, आणि शपथ सुरू झाली की दार बंद. बाहेर राहिलात तर सदस्यत्व नाही. मला पुढचं सत्रच नव्हतं, त्यामुळे दुसरी संधीही नव्हती.

समारंभ मंगळवारी संध्याकाळी सहाला, दुबई सिलिकॉन ओएसिसजवळच्या कॉलेजात. आम्ही राहतो शारजात, रोल्लाला. मधल्या रस्त्याचा काही भरवसा नाही, म्हणून बाबा हाफ डे टाकून आले आणि चारला निघायचं ठरलं.

आईनं भिंतीवरचं मराठी कॅलेंडर पाहिलं. तीन ते साडेचार राहुकाळ.

"साडेचारनंतर निघू," ती म्हणाली.

"आई, राहू परवडला, शारजाचा ट्रॅफिक नको." माझा आवाज तेव्हाच चढला होता.

तिनं वाद घातला नाही, तोडगा काढला. प्रस्थान ठेवायचं! वाईट वेळी निघावं लागणार असेल, तर सोबत न्यायची एखादी वस्तू चांगल्या वेळी शेजारी नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. राहुकाळ लागायच्या आत, मी अंघोळीला गेलेली असताना, तिनं माझी बॅग सुपारीसकट खालच्या मजल्यावरच्या मल्याळी काकूंकडे नेऊन दिली. त्या बॅगेत माझा काळा कोट होता.

चारला आम्ही बॅग घ्यायला उतरलो, तर बेल वाजवून वाजवून दार उघडेना. काकू नर्स आहेत. त्यांचा फोन नुसताच वाजत राहिला.

"सिस्टर तो हॉस्पिटल गया," वॉचमन म्हणाला. "इमर्जन्सी ड्यूटी. रात को आएगा, इन्शाल्ला."

नवा कोट घ्यावा तर रोल्लातली कपड्यांची दुकानं दुपारची बंद होती. खाली बाबांनी गाडी डबल पार्क केली होती आणि हॉर्नवर हॉर्न चालले होते.

"कुणी सांगितले होते हे उद्योग?" मी जिन्यातच आईवर ओरडले. "चार वर्षं मर मर मेलेय मी यासाठी. आणि तू एका सुपारीपायी सगळं घालवलंस!"

आई वर गेली. ती रडत असेल असं मला वाटलं, आणि खरं सांगते, रडू दे असंही वाटलं. पाच मिनिटांत ती प्लॅस्टिकच्या कव्हरातला एक काळा कोट घेऊन आली.

"हा घाल."

बाह्या किंचित आखूड होत्या आणि डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. गाडीत मी मागे बसले, ती पुढे. शारजातून बाहेर पडेपर्यंतच पाच वाजून गेले. बाबा दर मिनिटाला लेन बदलत होते आणि प्रत्येक वेळी सोडलेली लेनच पुढे सरकत होती.

"कुणाचा हा?" मी विचारलं.

"माझा. लग्न होऊन इथे आले तेव्हा घेतला होता. इंटरव्ह्यूंसाठी."

"तू इंटरव्ह्यू दिलेस?"

"एम.कॉम. आहे मी, विसरलीस?" ती समोरच्या ट्रककडे बघत म्हणाली. "आधी व्हिसाचं अडलं. मग तू झालीस."

"आता हे बोलायची वेळ आहे का?" बाबा कावले. "एक्झिट गेला असता माझा."

कॉलेजच्या गेटवर मी चालत्या गाडीतूनच उतरल्यासारखी उतरले आणि धावत सुटले. हॉलचं एक दार लागलं होतं, दुसरं लावायला एक मॅडम उभ्याच होत्या. त्यांनी माझ्या कोटाकडे पाहिलं आणि मला आत घेतलं.

रांगेत उभी राहिले आणि हात कुठे ठेवावेत ते कळेना. ते खिशात घालायला गेले, तर बोटं आत जाईनात. दोन्ही खिसे शिवलेले होते. नव्या कोटाला दुकानातून येतात ते टाके तसेच होते. म्हणजे आई हा कोट घालून एकदाही कुठे गेली नव्हती.

शपथ सगळ्यांनी मोठ्यानं म्हटली. मला ओठ हलवण्यापलीकडे काही जमलं नाही. शपथ संपल्यावर दार उघडून पालकांना आत घेतलं. सरांनी पिन लावली तेव्हा मागच्या ओळीत आई टाळ्या वाजवत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

घरी आल्यावर मी पिन काढली, कात्री घेतली आणि पलंगावर बसून खिशांचे टाके उसवायला लागले.

"चांगला कोट आहे तो, कशाला उसवतेस?" आई दारातून म्हणाली.

"प्रस्थान ठेवून किती वर्षं झाली, आई," मी म्हणाले. "आता नीघ."