अव्यय सरांचा ‘नि’

आमच्या कारंज्यात माणूस ओळखायचा तो आडनावावरून, नाहीतर बापाच्या दुकानावरून. सर मात्र माणसाला त्याच्या उभयान्वयी अव्ययावरून ओळखत. किराणावाल्याला ते ‘पण’ म्हणत, कारण त्याच्याकडे सगळं असे, पण आज नसे. मुख्याध्यापक ‘म्हणून’ होते, आणि सरांचे सख्खे मेहुणे जन्मभर ‘किंवा’ राहिले. मी कोण, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, “तू ‘कारण’. सदा सफाई देत असतेस.” ‘कारण’ हे गौणत्वबोधक असल्याचं त्यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे मी दोन दिवस फुगून बसले होते.

शाळेत ते आम्हाला मराठी शिकवत. पुस्तकात या अव्ययांना जेमतेम दोन पानं होती, सर त्यात दिवाळीपर्यंत रमत. नाम आणि क्रियापद ही वऱ्हाडातली मानाची मंडळी, आणि अव्यय म्हणजे सोयरीक जुळवणारा मध्यस्थ, ज्याला लग्नात कुणी जेवायलाही विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. पोरांनी त्यांचं नाव ‘अव्यय सर’ पाडलं, तर ते खूशच झाले. सगळ्यांत लाडका त्यांचा ‘नि’. घरी ते आपल्यासारखं ‘अन्’ म्हणत, पण वर्गात, भाषणात, पाहुण्यांसमोर कायम ‘नि’. ‘आणि’ म्हणेपर्यंत वाक्याची गाडी सुटते, म्हणत.

त्यांचा एकुलता एक मुलगा विनूदादा इंजिनियर होऊन पुण्याला गेला नि तिथून कंपनीने त्याला स्पेनला धाडलं. बघा, मलाही तीच सवय लागली आहे. तेव्हा माझी बी.ए. होऊन नोकरीचा पत्ता नव्हता, म्हणून भावाने मला हायवेला लागून एसटीडी बूथ टाकून दिला होता. सरांकडे फोन नव्हता. विनूदादा दर रविवारी माझ्या बूथवर फोन करी, आणि सर नि काकू आधीच येऊन बसलेले असत.

अशाच एका रविवारी सरांनी फोन घेतला, थोडं ऐकलं आणि रिसीव्हर काकूंच्या हातात देऊन बाहेर आले. विनूदादाने सांगितलं होतं, “बाबा, माझी नोकरी पक्की झाली नि मी इथल्या मुलीशी लग्न केलं.” आता कुठल्याही बापाला राग येईल तो अशा लग्नाचा. सरांचं दुखणं वेगळं होतं. बाकावर बसून ते मला म्हणाले, “एकुलत्या एका पोराचं लग्न, ते ‘नि’ले लोंबकळत आलं. त्याचं वेगळं वाक्य तरी करा लागत होतं.” मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून ते आतच राहिलं.

त्यानंतर सर केबिनमध्ये पाऊल ठेवीनात. काकूंना घेऊन यायचे मात्र नेमाने, आणि काकू आत बोलत असताना काचेकडे पाठ करून पेपर वाचायचे. पान उलटत नसे, ही गोष्ट निराळी. पुढे एकदा नागपूरहून येताना त्यांनी स्पॅनिश शिकायचं इंग्रजी पुस्तक आणलं, सोबत कॅसेट. मी विचारलं, सर, हे कशाला? तर म्हणाले की भांडण पोराशी आहे, भाषेनं काय घोडं मारलंय?

मग बाकावर माझीही शिकवणी सुरू झाली. ‘आणि’ला ती मंडळी नुसतं ‘इ’ म्हणतात, हे सांगताना सर हरखून गेले होते. ‘नि’हूनही अर्धा. पण पुढचा शब्दच ‘इ’ने सुरू होत असला, तर या ‘इ’चा ‘ए’ होतो. बाप आणि मुलगा म्हणजे ‘पाद्रे ए इहो’. “म्हणजे बाप अन् पोराच्या मधात आलं, की ‘आणि’लेही आपला हेका सोडा लागते,” असं म्हणून ते हसले, आणि त्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलने रेघ ओढली. दुसरं कौतुक त्यांच्या दोन ‘पण’चं. ‘पेरो’ म्हणजे साधा पण. ‘सिनो’ म्हणजे आधीचं खोडून त्याच्या जागी दुसरं ठेवणारा, आपल्या ‘नसून’सारखा. मी धीर करून विचारलं, सर, अजून रागावलेले आहात का हो? ते म्हणाले, “राग नाई बेटा. सिनो दुःख.”

हिवाळ्यात विनूदादा बायकोला घेऊन येणार म्हणत होता. काकूंनी घराला रंग देऊन घेतला. पण त्याने अट घातली, की बाबा स्वतः ‘या’ म्हणतील तरच येईन, नाहीतर तिकीट काढत नाही. काकूंनी घरी हे सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि आठवडाभर कॅसेट लावून बसले.

मग एका दुपारी ते एकटेच बूथवर आले. वेळ अशी हेरलेली, की तिकडे विनूदादा कामावर गेलेला असावा आणि सूनबाई, लूसिया, घरी असावी. मुलापुढे नमायचं नाही, पण सुनेला बोलवायला काय हरकत आहे, असा त्यांचा हिशेब. मी नंबर लावून दिला. बाहेर ट्रकांचा हा गोंगाट आणि केबिनचं दार धड लागत नसे, त्यामुळे सरांचं स्पॅनिश अर्ध्या हायवेने ऐकलं. तू आणि माझा मुलगा, माझ्या घरी, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. ओरडून म्हणाले, “तू नि मि इहो, एन मि कासा!” पलीकडून काहीतरी विचारणा झाली. सरांचा चेहरा उजळला. “सी, सी! नि! नि!” असं जोरात हो-हो म्हणाले आणि घाम पुसत बाहेर आले. तिला समजलं, तिने ‘नि’ म्हणून विचारलं, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि शेजारच्या ढाब्यावर मला चहा पाजला.

रविवारी काकूंनी बोलता बोलता मधेच रिसीव्हर ठेवला. बाहेर येऊन सरांकडे न बघताच म्हणाल्या, “तुम्ही तिले सांगितलं, तूही नको अन् पोरगाही नको? असं काऊन बोललात हो?” स्पॅनिशमध्येही ‘नि’ आहे. त्याचा अर्थ, हाही नाही आणि तोही नाही. जोडणारा ‘नि’ आमचा, तोडणारा त्यांचा. सरांनी तिथेच पिशवीतून पुस्तक काढलं, पान शोधलं, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. जन्मभर ज्याचे लाड केले, त्यानेच ऐन वेळी दगा दिला होता.

ते उठले आणि आपण होऊन केबिनमध्ये गेले. नंबर त्यांना पाठ होता, हे मला तेव्हा कळलं. मला फक्त अलीकडचं ऐकू आलं. “विनू, मी बाबा. फोन ठेवू नको. तो ‘नि’ आपला होता रे. मराठी होता.” मग ते खूप वेळ ऐकत राहिले. चष्मा काढला. शेवटी म्हणाले, “या दोघंही. तू ये. तिले येऊ दे. मी वाट पाहून राह्यलो.” चार निराळी वाक्यं, मध्ये एकही अव्यय नाही. काकू माझा हात धरून रडत होत्या, आणि मी कशाला रडत होते, मला ठाऊक नाही.

ते आले. लूसियाने काकूंच्या हातचं वांग्याचं भरीत खाल्लं आणि सरांचे उच्चार सुधारले. त्यानंतरची काही वर्षं दर रविवारी सर स्वतः फोन घेत. बापलेकांना प्रेमाचं बोलणं काही जमायचं नाही, म्हणून ते व्याकरणावर वाद घालत. पुढे गावात मोबाइल आले, माझा बूथ बंद पडला, आणि एका उन्हाळ्यात सर झोपेतच गेले.

तेराव्याला विनूदादा अंगणात माझ्याजवळ येऊन बसला. मला म्हणाला, “तुले एक सांगतो, आईले सांगू नको. लूसियानं ‘नि’ सांगितला, तेव्हाच मले समजलं होतं, तो मराठी आहे म्हणून. बाबांच्या वर्गात बसलेला पोरगा मी. पण मी आईपाशी मुद्दाम राग दाखवला. म्हटलं, आता तरी ते मलेच फोन करतील. फसवलं मी त्याईले. सांगीन सांगीन म्हणत राहूनच गेलं.”

मला त्याला सांगावं लागलं. त्या रविवारी केबिनमधून बाहेर आल्यावर, काकू पुढे निघून गेल्या तेव्हा, मीच सरांना विचारलं होतं की विनूदादा तर तुमचा विद्यार्थी, त्याला एवढा ‘नि’ कसा ओळखू आला नाही? सर चपला घालत होते. म्हणाले, “त्याले नाई समजलं असं होईन काय? समजलंच असन. त्याले माहा फोन पाहिजे होता.”

विनूदादाने मान वर न करताच विचारलं, “अन् त्याईले राग नाई आला?”

मी म्हटलं, मीही तेच विचारलं होतं. तर म्हणाले, “राग कायचा? इतके दिवस मलेही तर तेच पाहिजे होतं.”