तळाचं पाणी

पाच आठवडे झाले. कॉलेजात प्रॅक्टिकल चालू होतं आणि पार्वतीवहिनींचा फोन आला. वहिनी म्हणजे काशिनाथदादांची बायको. आवाज कोरडा, ठणठणीत. “बाय, दादा गावला खारफुटीन. डोका फुटलाय त्याचा. पोलीस बोलतान, उधानान होरी उलटली.” हातातला मीटर मी भिंतीवर फेकून मारला. उधाणात होडी उलटून मरायला दादा काय हवा खायला आलेले पाहुणे होते? सगळा जन्म त्या खाडीत काढलेला कोळी होता तो माणूस.

आमची ओळख चार वर्षांची, आणि ती भांडणानेच सुरू झाली. मी कोपर गावची, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. डोंबिवलीच्या खाडीत पाणी किती सडतंय ते मोजणारी यंत्रं डब्यांत बंद करून तळाशी ठेवायचा आमचा प्रकल्प होता. पाण्याखाली मोबाइलचा नकाशा चालत नाही, रेडिओ चालत नाही. चालतो तो आवाज. म्हणून होडीतून तीन ठिकाणांहून यंत्राने आवाजाची हाक मारायची, तळाच्या डब्याने ओ द्यायची, आणि ओ यायला किती वेळ लागला त्यावरून डबा नेमका कुठे पडलाय ते काढायचं. “डबा ओ देतंय, नि माजे घरान कोन ओ देत नाय,” म्हणून दादा खिदळायचे. होडी त्यांचीच होती. खाऱ्या पाण्यात आवाज जोरात धावतो, गोड्यात जरा हळू, त्यामुळे आधी पाण्याचा खारेपणा मोजावा लागतो. पहिल्याच दिवशी मी मीटर वरच्या पाण्यात बुडवला आणि दादांनी वल्ह्याने माझ्या मनगटावर फटका हाणला. खरंच हाणला, आठ दिवस सूज होती. “वरचा पानी नदीचा! डबा खाली, नि तू वर चाखतस?” मग दगड बांधलेली बाटली त्यांनी तळाला सोडली, दोरीने बूच उपटलं, बाटली वर ओढली आणि एक घोट सरळ माझ्या तोंडात ओतला. खारट जहर, त्यात गाळाची घाण. मी त्यांना शिव्या दिल्या, त्यांनी मला दिल्या... त्यानंतर तळाचं पाणी काढायचं काम त्यांनी मला कधी करू दिलं नाही.

दादा साधेसुधे नव्हते, हे लिहिलंच पाहिजे. मेलेल्या माणसाला देव करणं मला जमत नाही. ते रागात ताट भिरकावायचे, वहिनींवर हातही उगारायचे. त्यावरून एकदा मी त्यांना सगळ्या आळीसमोर झापलं होतं. पण खाडी पोखरून वाळू उपसणाऱ्या पंपवाल्यांपुढे हा माणूस वाकला नाही. त्यांनी दादांची जाळी कापली, दादांनी त्यांच्यातल्या एकाचा खांदा मोडला. त्यांनी दादांची जुनी होडी जाळली, दादांनी दुसरी आणली आणि तक्रारींचा सपाटा लावला. त्या पंपांच्या गोंगाटात डब्यांची ओ ऐकू येईना, म्हणून गोंगाट अभ्यासायला मी डबे दिवसभर आवाज टिपत ठेवले होते. त्यात काय सापडणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

खाडीत तीन डबे होते. दादा गेल्यावर उथळ पाण्यातले दोन सहज काढले, त्यांत नुसती लांबची घरघर. तिसरा होता तो दादांची होडी सापडली त्याच वळणावर. त्याची बॅटरी आणखी चार-पाच दिवसच टिकली असती. ती संपली की डबा ओ देणार नाही, आणि पोलिसांच्या कागदावर ‘अपघात’ हा शब्द कायमचा राहणार. वहिनींना तेवढा एक शब्द खोडून हवा होता. मी आकडेमोड करून जागा काढली. पाणबुड्या उतरला, दोन दिवस चिखल चाचपत राहिला. काही नाही. तिसऱ्या दिवशी मीटर बुडवताना माझं लक्ष स्वतःच्या मनगटाकडे गेलं आणि स्वतःचंच थोबाड फोडावंसं वाटलं. मी वरचं पाणी मोजत होते! दादा नव्हते, तर तळाचं पाणी काढायचं मला सुचलंच नव्हतं. बाटली सोडली, बूच उपटलं, घोट घेतला... खारट. हिशेब पुन्हा केला, जागा आठ-दहा हात सरकली, आणि पाणबुड्याचा हात थेट डब्यावर पडला.

पोलीस ठाण्यात साहेबांच्या टेबलावर मी लॅपटॉप ठेवला आणि डब्याने टिपलेला आवाज लावला. शेजारी वहिनी. आधी नुसतं पाणी, मग पंपवाल्यांच्या बोटीचं मोठं इंजिन. समोर दादांची होडी दिसल्यावर ते मंद व्हायला हवं होतं. ते आणखी पिसाळलं. मग लाकूड फुटल्याचा आवाज. मग इंजिन थांबलं... म्हणजे बोटीवरचे लोक उभे राहून बघत होते. आणि मग ठोके सुरू झाले. ठक, ठक-ठक. ठक, ठक-ठक.

“फळी आपटत असेल लाटेनं,” साहेब म्हणाले.

वहिनी उठल्या. मूठ आवळून त्यांनी टेबलावर तेच ठोके हाणले. साहेबांचा चहा सांडला. “मासली जाल्यान घालाला होरीवर असाच ठोकायचा तो. चालीस वरसा मागं बसून आयकलाय मी. माजा नवरा जिता हाय हितं!”

लॅपटॉपमधलं इंजिन पुन्हा सुरू झालं आणि लांब लांब गेलं. ठोके चालूच होते. मला ऐकवेना. बंद करायला हात पुढे केला तर वहिनींनी तो घट्ट धरला. “बंद नको करू, बाय. तो थांबंपर्यंत यान्ला आयकू दे.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. आम्ही तिघं ऐकत बसलो. अकरा मिनिटं ठोकत होते दादा.