उलट्या मांडवातला सरळ माणूस

मी टीव्ही-मोबाईल दुरुस्तीवाला. नांदेडला छोटं दुकान आहे. आमच्या धंद्यात भुताला जागा नाही. पडद्यावर सावली दिसली तर कुठंतरी पट्टी सैल असते, खरखर आली तर टाका सुटलेला असतो. सोल्डरचा डाग दिला की भूत गेलं. या सदरातले अनुभव मी चहा पिता पिता वाचायचो आणि हसायचो. म्हणून आज लिहिताना लाज वाटते... पण यात भुतापेक्षा माझाच भाग जास्त आहे, आणि तो फार वर्षं दाबून ठेवलाय.

बहीण नंदा रेणापूरला दिलेली. मागच्या उन्हाळ्यात तिच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. भाचीचा फोन आला – "मामा, आई-पप्पांचं लग्न भिंतीवर मोठं बघायचंय. प्रोजेक्टर भाड्यानं आणू का?"

"मामाचं दुकान असताना भाड्यानं कामून? बनवून आणतो."

भंगारात आलेल्या फुटक्या टॅबमधला पडदा शाबूत होता. त्याच्या मागचे प्रकाशाचे थर सोलून काढले, तसा तो आरपार दिसायला लागला. मागं जुन्या फ्लडलाइटचा एलईडी, त्याला गार ठेवायला कॉम्प्युटरचा पंखा, पुढं एक मोठं भिंग. सगळं तेलाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. लग्नाची व्हिडिओ कॅसेट आधीच फाइलमध्ये उतरवून घेतली होती.

एक गोष्ट इथं समजून घ्या. एका भिंगातून भिंतीवर पडलेलं चित्र उलटं पडतं – डोकं खाली, पाय वर. म्हणून डब्यात पडदाच उलटा बसवायचा, तर बाहेर सरळ दिसतं. भिंग कुणाला सोडत नाही. पडद्यावर जे जे असेल ते सगळंच उलटणार. एकाला उलटं आणि एकाला सरळ, असं होत नाही.

एसटीच्या धक्क्यांनी पडदा निसटला होता. रेणापूरला पोचल्यावर पंगत बसत होती, घाईघाईत मी तो परत बसवला. जेवणं झाल्यावर भर दुपारी मधल्या खोलीच्या खिडक्यांना वाकळा लावून अंधार केला. नंदा, दाजी, भाची आणि मी – एवढेच चौघं. डबा चालू केला... आणि अख्खा मांडव उलटा. घाईत पडदा सरळ बसला होता.

दाजी खाटेवरून म्हणाले, "बापूराव, तुमच्या बहिणीनं आमचं आयुष्य उलटं केलं, ते तुम्ही आत्ता दाखवून राहिलात."

"गप बसा," नंदा म्हणाली, "तुम्ही सरळ कधी होता?"

मी बंद करायला उठलो, तर भाची म्हणाली, "राहू द्या मामा, असंच मस्त वाटून राहिलं."

तसंच राहू दिलं. थोड्या वेळानं भाचीच म्हणाली, "मामा, हा कोण? हा सरळ कसा काय?"

त्या उलट्या गर्दीत एक माणूस सरळ उभा होता. पाय खाली, डोकं वर. मांडवाची झालर भिंतीच्या तळाशी आली होती, तिच्यात पाय रोवून. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला, केस पाण्यानं चापून बसवलेले.

नंदा हळूच म्हणाली, "दादा?"

किसनदादा आमचा थोरला भाऊ. दारू प्यायचा. मुदखेडला आमच्या दारात नंदाचं लग्न झालं, तेव्हा तो आलाच नाही – घरात सगळ्यांना माहीत होतं ते एवढंच. त्याच पावसाळ्यात इस्लापूरकडं कामावर असताना तापानं गेला. नंदा मातीलासुद्धा आली नाही. म्हणाली, "माझ्या लग्नाला ज्याला येणं झालं न्हाई, त्याच्यासाठी मी कशाला येऊ?"

भिंतीवर कानपिळी आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. आमच्यात हा मान थोरल्याचा. दादा नव्हता म्हणून मी पिळला होता. भिंतीवर माझा उलटा हात दाजींच्या उलट्या कानाकडं गेला... आणि तो सरळ माणूस वाकला. त्यानं दुसरा कान धरला. धरूनच ठेवला.

माझ्या शेजारी दाजींनी "स्स्" केलं आणि कानाला हात लावला.

मी वायर ओढली. वाकळ बाजूला केली. दाजींचा कान लालभडक. "डास असंल," ते म्हणाले. पण त्यांचा आवाज त्यांचा वाटत नव्हता.

नंदा माझ्याकडं बघत होती. "बापू, दादा आला होता?"

न्हाई म्हणायची मला सवय होती. आई जाईपर्यंत तिलाही तेच सांगितलं. त्या दिवशी तोंडातून निघालं, "हाव."

"मग मला कामून दिसला न्हाई?"

"मी गल्लीच्या तोंडावरूनच परत लावून दिला."

"पिला होता?"

या एका प्रश्नाला मी इतकी वर्षं भ्यालो. दादा सकाळच्या गाडीतून उतरून चालत आला होता. अंगाला साबणाचा वास होता. मी म्हणालो, पिऊन आलास, रेणापूरचे पाहुणे उठून जातील. तो म्हणाला, "बापू, माझं तोंड हुंग." मी हुंगलं नाही. हुंगलं असतं तर त्याला आत घ्यावं लागलं असतं. पाहुण्यांची भीती होती, हे खरं. पण सकाळपासून जो तो मला 'नवरीचा भाऊ' म्हणत होता, मला पुढं बसवत होता... ते मला सोडवत नव्हतं. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. नंदालाही नाही. ती हे वाचेल.

"न्हाई," मी म्हणालो. "पिला नव्हता."

ती रडली नाही. म्हणाली, "परत लाव."

मी पडदा फिरवायला डबा उघडू लागलो.

"सरळ करू नको. होता तसाच लाव."

परत लावलं. दादा नव्हता. पुन्हा लावलं, पुन्हा नव्हता. पत्रा तापून वास येईपर्यंत तिनं लावायला लावलं.

नांदेडला येऊन मी ती फाइल थांबवत थांबवत पाहिली. मूळ कॅसेटही पाहिली. तो जिथं उभा होता तिथं मांडवाचा एक खांब आहे, बाकी काही नाही. टॅब कुणाचा होता ते शोधलं, त्याचा आमच्याशी काही संबंध नाही. जुन्या पडद्यावर कधी कधी आधीच्या चित्राचा डाग राहतो, हेही धरून पाहिलं. पण डाग असता तरी भिंगानं त्यालाही उलटा केला असता. मला याचा खुलासा करता येत नाही.

डबा नंदानं ठेवून घेतला. त्यानंतर तिनं मला बोलावलं नाही. दिवाळीला नाही, राखीला नाही. मीही गेलो नाही. मग गेल्या महिन्यात तिचा फोन आला.

"बल्ब उडालाय. येऊन बसवून दे."

गेलो. खिडक्यांना वाकळा तशाच होत्या, त्यांच्यावर धूळ बसली होती. एलईडी बदलला. डबा लावून बघताना विचारलं, "चित्र सरळ दिसंल असं करून देऊ का?"

"नको."

तिनं चहा आणला, कप माझ्यापुढं ठेवला आणि उभीच राहिली. निघताना राहवलं नाही. म्हणालो, "नंदा... दिसतो का गं परत?"

तिनं रिकामा कप उचलला.

"तुला कशाला सांगू?"