छबूबाईच्या बरणीला ऊन किती?

रावजी पानमळेवाला म्हणजे सावलीचा माणूस. बारामतीला पाटाच्या खालच्या अंगाला त्याचा पानमळा होता. नागवेलीचे लाड पुरवता पुरवता त्याची पक्की समजूत झाली होती, की जगात जे जे नाजूक, ते ते सावलीत ठेवावं. माणूस भला, पण एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. ही एकोणीसशे चौतीस-पस्तीसची गोष्ट.

त्याची बायको छबूबाई विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वैदूनं बांधलं आणि जाताना सांगितलं, "वारं लागू देऊ नगा." झालं! रावजीनं तिची बाज माजघरात टाकली, खिडकीला गोणपाट लावलं. हाड हळूहळू सांधलं, दुखणं कमी झालं. पण बाई भिंतीकडं तोंड करून पडली ती पडलीच. भाकरीचा तुकडा पुढं केला तर मान फिरवायची. बाई डोळ्यांदेखत वाळत चालली होती.

छबूबाई बावड्याकडची, नदीकाठची पोर. लहानपणी पदरात मासे धरायची, हे रावजीला एकदम आठवलं. चाँदभाईच्या दुकानात गोळ्यांची एक मोठी काचेची बरणी रिकामी पडली होती, ती त्यानं मागून आणली. तळाला वाळू घातली, पाटाच्या कडेचं पाणगवत लावलं, बोटभर लांबीचे चार मासे सोडले आणि बरणी बाजेशेजारी ठेवली. छबूबाईनं कूस बदलली. त्या दिवशी तिनं चतकोर भाकरी खाल्ली. रावजीचा जीव भांड्यात पडला.

पण माजघरातल्या अंधारात गवत पिवळं पडलं, पानं गळून कुजली. मासे वर येऊन तोंड उघडू-मिटू लागले. रावजीनं पाणी बदललं, नवं गवत आणलं, तेही गेलं.

चाँदभाई म्हणाला, "आरं रावजी, तुझ्या पानाला चालतं म्हणून सगळ्यांनाच चालतं व्हय? ऊन दाव की त्याला!"

रावजीनं ऊन दाखवलं. दाखवलं म्हणजे काय, बरणी उचलून भर अंगणात ठेवली, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत! अति तिथं माती म्हणतात ते खोटं नाही. पाणी तापलं, आठवडाभरात हिरवंगार झालं, मासे दिसेनात. एक तर मरून वर आला. रावजीनं तो गुपचूप परसात पुरला. पण छबूबाईनं त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं आणि पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

मग मात्र त्याचा ताठा उतरला. तो बाजेच्या कडेला बसला. "छबू, तूच सांग आता. मला ह्यातलं काय बी कळत न्हाय."

भिंतीकडंच बघत ती म्हणाली, "आमच्या तिकडं मासं कडंच्या करंजाखाली असायचं. सकाळचं कवळं ऊन खायाचं, आन् दुपारी सावली."

रावजीनं बरणी पूर्वेच्या ओट्यावर मांडली, अशी की सकाळचं ऊन तिरपं यावं आणि जेवणवेळेला छपराची सावली पडावी. पाणी हळूहळू निवळलं. गवताला हिरवा कोंब आला, पानांवर मोहरीएवढे बुडबुडे धरले, मासे गवतात लपंडाव खेळू लागले. रावजीला आकाश ठेंगणं झालं. रोज दुपारी ऊन ढळलं की तो बरणी आत आणून बायकोला दाखवायचा, आणि परत नेऊन ठेवायचा.

एक दिवस तो बरणी उचलणार, तोच छबूबाई म्हणाली, "मासं भाईर, आन् मी हितं. मग आनली कुनासाठी?"

"आगं, वैदू म्हनला, वारं..."

"वैदू सांगून कवाच गेला. गवत सुदिक अंधारात कुजलं. मी काय दगुड हाय?"

रावजीला थोबाडीत बसल्यासारखं झालं. एवढे दिवस गवताच्या उन्हाची काळजी केली, आणि घरचं माणूस अंधारात! त्याला स्वतःचाच राग आला. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं शेजारच्या सोपानला हाक मारली आणि दोघांनी बाज ओट्यावर आणली.

ऊन पायांवर आलं तशी छबूबाईनं डोळे मिटून घेतले. पाटावर धुणं घेऊन निघालेल्या बायका थांबल्या. कुणी मासे पाहिले, कुणी तिच्या अंगावरून हात फिरवला. त्यातल्या साखरबाईनं तर गावभरच्या बातम्या एका दमात सांगून टाकल्या. छबूबाई हसली, मग तिच्याशी चक्क भांडलीसुद्धा.

रावजी मळ्यातून लवकर परतला. ओट्याशी येतो न येतो, तोच ती म्हणाली, "कुठं व्हता? भूक लागलीया मला."

तो तसाच आत गेला, शिंक्यावरची भाकरी काढली आणि डोळे पुसत दुधात कुस्करू लागला.

बाहेरून आवाज आला, "आन् कुस्करू नगा! दात हायत मला अजून."