मास्तरांचे लाल कोट

मास्तरांचं खरं नाव मला माहीत आहे, पण त्या नावाने त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. शिवणारा माणूस म्हणजे मास्तर, एवढ्यावर जगाने त्यांची बोळवण केली. आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट त्यांच्याकडे होता. रंगमंचावर मी राणी असो वा मोलकरीण, विंगेत माझ्या पाठीशी तेच उभे असायचे. पुढे मी थकले, कंपनी बंद पडली आणि मास्तरांनी कोपऱ्यावर दुकान थाटलं. एक मशीन, एक इस्त्री, एक उंच आरसा आणि भिंतीवर आमच्या नाटकांचे फोटो. त्या फोटोंत मी अजून बारीक आहे, म्हणून मी तिथे वरचेवर जाते.

दर वर्षी थंडीच्या तोंडावर त्या दुकानात लाल कापडाचे तागे येऊन पडायचे. आमच्या वस्तीची मिरवणूक तेव्हा निघते. लाल कोट, ढोल, झेंडे. मिरवणूक गल्ल्यागल्ल्यांतून फिरून मैदानाच्या टोकाला जाते. तिथे भिंतीलगत लाकडांचा डोंगर रचलेला असतो. भिंतीपलीकडे दुसरी वस्ती आहे. त्यांच्या फाटकासमोर ढोल मुद्दाम जास्त वेळ बडवतात. लाकडांच्या माथ्यावर एक पुतळा असतो आणि त्याच्या डोक्यावर पलीकडचे घालतात तसली टोपी. टोपीला आग लागली की सगळ्यात मोठा आरडाओरडा. हे कशासाठी, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: परंपरा आहे.

मास्तरांची थोरली बहीण, अक्का, भिंतीपलीकडे दिलेली. नवरा गेला, मुलं लांब गेली, अक्का तिथेच राहिली. तिच्या घराची मागची खिडकी आणि तो जाळ यांच्यामध्ये फक्त ती भिंत. दर वर्षी काच तडकायची, दर वर्षी मास्तर नवी बसवून द्यायचे. मागच्या वर्षी पडद्याने पेट घेतला. यंदा डोंगर भिंतीच्या दुप्पट उंच झाला होता आणि त्यात ट्रकचे टायर होते.

"यंदा काच नाही, घर जाईल," मास्तर मला म्हणाले. माझ्या साडीला फॉल लावत होते, मान वर केली नाही.

"अक्काला इकडे आणा चार दिवस."

"ती म्हणते, माझ्या घरातून मी का उठू? त्यांना सांग, सरपण उचला."

आता या मिरवणुकीचं मूळ सांगायलाच हवं, कारण ते आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या कंपनीने एक ऐतिहासिक नाटक काढलं होतं. फार दणक्यात आपटलं. त्यात पहिल्या अंकातले शिपाई लगेच पुढच्या प्रवेशात दरबारी व्हायचे. नट कमी, वेळ त्याहून कमी. म्हणून मास्तरांनी लाल कोटांना हूक पाठीमागे लावले. विंगेत मागून ओढलं की कोट गळून पडायचा आणि आत दरबारी तयार. पुढची पितळी बटणं नुसती शोभेची. नाटक पडल्यावर मालकाने कुजलेलं नेपथ्य जाळायला काढलं. हातगाडी मैदानावरून नेताना भिंतीपाशी चाक मोडलं, तर तिथेच काडी लावली. थंडी होती. दोन्हीकडची माणसं शेकायला जमली. नट कोट घालून आले, कारण अंगात घालायला दुसरं गरम काही नव्हतं. कुणीतरी ढोल आणला. तो ढोलवाला पलीकडचा होता, हे मला पक्कं आठवतं, कारण तो फार देखणा होता.

पुढच्या वर्षी पोरांना पुन्हा तशी मजा हवी झाली. मग मंडळ झालं. मग पत्रक छापलं. त्या पत्रकात आहे की पाठ आपल्या माणसाच्या हवाली करायची, म्हणून पूर्वजांच्या कोटाला हूक मागे असत; आणि पुढचं प्रत्येक बटण म्हणजे एक पूर्वज. मास्तरांनी ते वाचून चष्मा पुसला होता. "बाई, पेटीत तेवढीच बटणं शिल्लक होती हो."

पण एक गोष्ट खरी. मिरवणुकीच्या सकाळी बाप पोराच्या पाठीशी उभा राहून एकेक हूक लावतो. ज्याचे हूक लागले तो मोठा झाला. मास्तर ते आरशातून बघायचे, आणि त्या वेळी मशीन बंद ठेवायचे.

मंडळाचे अध्यक्ष, सगळे त्यांना दादा म्हणतात, आपल्या धाकट्याच्या मापासाठी आले तेव्हा मी दुकानात होते. मास्तर माप घेता घेता म्हणाले, "दादा, यंदा जाळ मैदानाच्या मध्यावर घ्या. एवढी जागा पडलीय."

"मास्तर, जागा आपल्या हातात असते का? ठरलेली आहे ती."

"कुणी ठरवली?"

"वाडवडिलांनी."

"चाकाने ठरवली," मास्तर म्हणाले. "गाडीच्या चाकाने."

दादा हसले. माणूस वाईट नाही, हेच तर दुखणं आहे. माझं औषध संपलं की तो स्वतः आणून देतो. म्हणाले, "बैठकीत मांडा. आपल्याकडे सगळ्यांना बोलायला मोकळीक आहे."

तर आम्ही बैठकीला गेलो. लग्नाच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, वर गरगरणारा पंखा, पुढे माइक. साक्षीदार म्हणून मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. नाटक, कोट, हातगाडी, तो ढोलवाला. माझा आवाज अजून शेवटच्या रांगेत पोचतो. मी थांबले तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. एका म्हाताऱ्याने डोळे टिपले. चिटणीस उठून म्हणाले, "म्हणजे आपल्या परंपरेला रंगभूमीचाही वारसा आहे. बाईंना पुढच्या वर्षी आपण पहिल्या गाडीवर बसवू." पुन्हा टाळ्या. इतक्या वाया गेलेल्या टाळ्या मी जन्मात घेतल्या नव्हत्या.

मास्तर माइकशिवायच बोलले. "वारसा नाही हो, अडचण. कपडे बदलायला वेळ नव्हता म्हणून हूक मागे लावले. मीच लावले."

"तुम्हाला तसं वाटतं," दादा शांतपणे म्हणाले. "पण मागेच का सुचले? कुणीतरी तुमच्याकडून करवून घेतलं, मास्तर."

"दिग्दर्शकाने करवून घेतलं."

हशा पिकला. दादाही हसले, मग गंभीर झाले. "माझे हूक माझ्या वडिलांनी लावले. जन्मात त्यांनी मला जवळ घेतलं नव्हतं, तेवढं एकदा पाठीवर हात ठेवला. हेही नाटक म्हणायचं?"

मी सगळं आयुष्य खोट्या कपड्यांत खरं रडण्यात घालवलं. मी कुठल्या तोंडाने त्याला खोटं म्हणू?

मास्तर म्हणाले, "ते खरं आहे, दादा. ते ठेवा. हूक ठेवा, ढोल ठेवा, मी मरेपर्यंत कोट शिवतो. जाळ फक्त मध्यावर न्या, आणि पुतळ्याची ती टोपी काढा."

मागून कुणीतरी म्हणालं, "टोपी काढली तर तो कुणीही वाटेल."

"वाटू दे की."

"मग जाळायचा कशाला?"

हे बोलणाऱ्याला आपण काय बोललो ते कळलं नाही. बाकीच्यांना कळलं असावं, कारण बरेच जण एकदम मोबाइल बघायला लागले. दादांनी विषय पुढे ढकलला. वर्गणी, मांडव, पार्किंग.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी लाल तागे मंडळाच्या कचेरीत परत टाकले. जाळ हलला तरच कोट शिवीन. मला वाटलं, आता नाक दाबलं, तोंड उघडेल. कसलं काय. आठवड्याभरात कारखान्यातून तयार कोट आले. चकचकीत, हलके, आणि पुढे सरळ चेन. बापाने पाठीशी उभं राहायची गरजच संपली. पोरांनी आपापली चेन वर ओढली आणि झाली मोठी.

मास्तर रस्त्यात दादांना आडवे गेले. "हूक कुठे गेले?"

"काळाप्रमाणे बदलावं लागतं, मास्तर."

"मग जागा बदला."

"जागेचं वेगळं असतं."

एवढं बोलून दादा निघून गेले आणि मास्तर फुटपाथवर उभे राहिले. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की हातातली भाजीची पिशवी फेकून मारावीशी वाटली. जे ठेवण्यासारखं होतं ते कुणी न मागता सोडून दिलं, आणि जे सोडायचं त्याला मिठी मारून बसले.

जाळाच्या संध्याकाळी अक्का घरातून उठली नाही. मास्तर ओली पोती घेऊन तिच्याकडे गेले. मी अलीकडून बघत होते. वारा भिंतीकडे होता. टोपी पेटली, आरोळ्या उठल्या, आणि त्या गोंधळात भिंतीपलीकडे काच फुटल्याचा आवाज कुणाच्या कानावर गेला नाही. खिडकीची चौकट पेटली, मग मागच्या खोलीचं छप्पर. मास्तरांनी अक्काला उचलून पुढच्या दाराने बाहेर काढलं. अग्निशमनवाले फाटकाशीच उभे होते. दर वर्षी असतात, त्यांचीही आता परंपरा झाली आहे. घर वाचलं, मागची खोली गेली.

अक्का दुकानामागच्या खोलीत येऊन राहिली. दादा स्वतः भेटायला आले, फळं घेऊन. मंडळाच्या खर्चाने छप्पर घालून देतो म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते. मग जाता जाता समाधानाने म्हणाले, "अक्का, तुम्ही इकडे आलात ते एका परीने बरंच झालं. घर आता रिकामं. पुढच्या वर्षी जाळाचा कुणाला त्रासच नाही."

अक्काने मास्तरांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी मशीन हातगाडीवर चढवलं, त्याला आरसा टेकवला, आणि मोठ्या रस्त्याने वळसा घालून फाटकातून पलीकडे गेले. मागून अक्का, हातात इस्त्री. जळलेल्या मागच्या खोलीवर पत्रे टाकून दुकान आता तिथेच मांडलं आहे. इकडची बरीच गिऱ्हाइकं तुटली. पलीकडचे त्यांना लाल कोटवाला म्हणतात आणि शिवायला काही देत नाहीत. मी मात्र जाते. पाय दुखतात, पण जाते.

परवा मी ब्लाउज टाकायला गेले तर पलीकडचे तीन-चार तरुण दारात उभे होते. अगदी नम्र मुलं. पुढचा म्हणाला, "मास्तर, आम्हालाही कोट हवेत. निळे. आमचीही जुनी मिरवणूक होती, मध्यंतरी बंद पडली."

मास्तरांनी आत पाहून विचारलं, "होती का गं अक्का?"

"या घरात नांदायला आले तेव्हापासून तर नाही," अक्का आतून म्हणाली.

"त्याच्या आधीची, आजी," मुलगा म्हणाला.

मास्तरांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. "जाळ पण करणार?"

"म्हणजे काय. आपणच गप्प बसायचं का?"

"कुठे?"

मुलाने खिडकीबाहेर, भिंतीच्या या अंगाला बोट दाखवलं. तिथून मास्तरांचं मशीन हातभर अंतरावर होतं.