मास्तर काकूंची लाईन क्लिअर

मास्तर काकूंना साधं ‘हो’ म्हणता येत नसे. चहा घेता का, लग्नाला येता का, काहीही विचारा, उत्तर एकच: “लाईन क्लिअर.” रायपूरच्या आसपासच्या लहानसहान स्टेशनांवर त्यांनी उभा जन्म स्टेशनमास्तरकी केली होती. पुढच्या स्टेशनाने ‘लाईन क्लिअर’ म्हटल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा त्या नोकरीचा पहिला धडा. निवृत्त होऊन शहरातल्या तात्यापाऱ्यात आमच्या शेजारी आल्या, तरी तो धडा जिभेवरून काही उतरला नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्यासारख्या आळशाला बुद्धिबळात ओढलं. तेही मोबाइलवर, टोळीने. एका बाजूला नागपूर, म्हणजे काकूंच्या माहेरची चार माणसं. दुसऱ्या बाजूला रायपूर: काकू, मी, गुढियारी मोहल्ल्यातले रेल्वेचे एक निवृत्त गार्डसाहेब आणि काकूंचा पुण्याला नोकरी करणारा मुलगा बाबू. आमच्या चौघांचा एक ग्रुप होता. कोणीतरी चाल सुचवायची, चौघांनीही ‘लाईन क्लिअर’ लिहायचं, मगच सोंगटी हलायची. हलवायचं काम माझं, कारण तो खेळ माझ्याच फोनवरून चाले. एकेका चालीला दोन-दोन दिवस लागत. मी कुरकुरायचो, बहुमताने ठरवू म्हणायचो. काकू ढिम्म हलत नसत.

का, ते एकदा भाजी निवडता निवडता त्यांनीच सांगितलं. काका गेले ते भर मे महिन्यात, सकाळी. बाबू तेव्हा नागपूरला होता, मिळेल त्या गाडीने निघाला. इकडे ऊन वाढू लागलं, नातेवाईक घाईला आले. गाडी कधी पोचेल, हे काकूंनाच विचारलं. घरात गाड्या कळणाऱ्या त्याच. त्यांनी दोन स्टेशनांना फोन लावले, हिशेब केला आणि अंधाराच्या आत येत नाही म्हणाल्या. “उचला” हा शब्दही त्यांचाच. त्या दिवशी गाडीने वेळ भरून काढला. बाबू दारात उभा राहिला तेव्हा घरात फक्त दिवा होता. दोन तास थांबता नाही आलं का, एवढंच त्याने विचारलं. त्यानंतर चार वर्षं तो आईशी एक शब्द बोलला नव्हता.

पण ग्रुपमध्ये घेतलं तेव्हा तो बाहेर पडला नाही. उशिरा का होईना, ते दोन शब्द लिहायचा. तेवढ्यावर काकू जगत. फोन घेऊन आमच्याकडे येत आणि म्हणत, “आज साडेआठलेच लिहिलं. डबा घेऊन निघाला असन.” दोन शब्दांतून त्यांना त्याचा डबा दिसे, तब्येत दिसे. लांबण लावणाऱ्या चाली त्या मुद्दाम सुचवत, हे मला फार उशिरा कळलं. अहो, बुद्धिबळ कोणाला हवं होतं?

चार महिन्यांनी डाव आमच्या हातात आला. हत्ती शेवटच्या रांगेत नेला, की पुढच्या चालीला वजिराने मात. मी मोठ्या तोऱ्यात ते ग्रुपवर समजावून सांगितलं. गार्डसाहेबांनी लाईन क्लिअर दिली, मी दिली. काकूंनी आपली बाबूनंतर देऊ म्हणून राखून ठेवली. बाबू गप्प. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस! काकू रोज लिहीत. बाबू, लाईन क्लिअर दे. बाबू, दुसरी चाल सुचते का? बाबू, वाचलं म्हणून तरी सांग. वाचल्याची खूण रोज यायची, उत्तर नाही. सकाळ-संध्याकाळ त्या आमच्या दारात उभ्या. “तुह्या फोनात पाह्य ना रे. माह्या फोनात येत नसन.” त्यांचं जेवण तुटलं होतं. मला ते पाहवेना, आणि खरं सांगतो, त्या येण्याचा वैतागही आला होता.

नागपूरकरांनी निरोप धाडला की शनिवारपर्यंत चाल आली नाही तर आम्ही उठतो. झालं. शुक्रवारी ऑफिसात डबा खाता खाता मी हत्ती सरकवला आणि ग्रुपवर ठोकून दिलं, ‘बहुमताने लाईन क्लिअर’. काकूंना विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी नागपूरची चाल आली आणि मीच वजिराने मात केली. नागपूरहून टाळ्या आल्या. काय तो माझा पराक्रम!

काकू ग्रुपवर चकार शब्द बोलल्या नाहीत. दारात येऊन म्हणाल्या, “तुह्यावर राग नाही रे. पण दुसऱ्यांदा झालं. त्याले न घेताच सुटली गाडी.”

मग त्यांनी जिवाचा आटापिटा केला. नव्या डावासाठी नागपूरकरांच्या विनवण्या केल्या, ते पुरे म्हणाले. गार्डसाहेबांचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. तेव्हा घरातल्या पटावर दोन्ही बाजूंनी एकट्याच खेळू लागल्या आणि एकेक चाल ग्रुपवर टाकून बाबूच्या उत्तराची वाट पाहू लागल्या. उत्तर आलं नाही. पट तसाच मांडलेला असायचा, सोंगट्यांवर धूळ. हिवाळ्यात एका सकाळी त्या झोपेतच गेल्या.

मीच बाबूला फोन केला. “निघालो, भैया,” एवढंच म्हणाला. नातेवाईक पुन्हा घाईला आले. या वेळी मी दार अडवून उभा राहिलो. बर्फाच्या लाद्या आणल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो येईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

तो आईजवळ बराच वेळ बसला. मला राहवलं नाही. रोज वाचत होतास, मग लिहिलं काहून नाही, असं विचारलंच.

“लिहिलं असतं तर दोन चालींत डाव खतम होता, भैया,” तो म्हणाला. “आई रोज मले लिहून राहिली होती. ते बंद झालं असतं. मग तुमचं बहुमत आलं. चौघांत बहुमत म्हणजे तिघं, तिसरी आईच. मले वाटलं, या खेपेलेही ती नाही थांबली.”

“ती चाल माझी होती, बाबू,” मी म्हणालो. “तिला न विचारता केली. ती थांबलीच होती.”

तो आईच्या पायांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडला. बाहेरून कोणीतरी विचारलं, उचलायचं का? त्याने नाही म्हणून मान हलवली. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं, अजून लाईन क्लिअर नाही.