जयवंतीचे बावीस

जयवंतीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझ्यावरच खेकसली. "किती वेळ बसवतां? भात काय तुमी झोडाल?" बोलणं तिचंच बरोबर होतं. सकाळची बोलावलेली बाई दुपार झाली तरी बाकावरच होती, आणि साहेब अजून चहा पीत होते.

इन्सुलिनची पेनं बनवणाऱ्या एका कंपनीने तलासरीतल्या एका हॉलमध्ये चाचणी ठेवली होती. नवं पेन बाजारात आणण्याआधी साध्या माणसांना त्यावर डोस लावता येतो का, ते बघायचं होतं. पेनात औषधाऐवजी पाणी, आणि टोचायचं ते स्पंजला. मी शितल, डहाणूची; मराठी, गुजराती आणि पाड्यांवरची बोली कळते म्हणून मला दुभाषी नेमलं होतं. पेनाचा आराखडा करणारे मनिष सर मुंबईहून आले होते. गोरेगोमटे, गोड बोलणारे, आणि स्वतःच्या पेनाच्या प्रेमात आकंठ बुडालेले.

जयवंती तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका पाड्यावर राहते. भात आणि नाचणी करते. साखरेचा आजार निघाला तेव्हा लोक म्हणाले, राबणाऱ्या बाईला कसली आलीय साखर! औषध सुरू झालं, नजर मात्र अंधूक होत गेली. मग तिने पेनावरचा आकडा बघणं सोडलं आणि चकती फिरवताना होणारे टकटक आवाज मोजायला लागली. जुन्या पेनात एक टक म्हणजे एक युनिट. कान शाबूत होते, काम चालत होतं.

तरी गेल्या वर्षी एकदा गफलत झाली. डोस जास्त गेला, साखर एकदम उतरली आणि तलासरीच्या बसस्टँडवर ती कोसळली. घामाने भिजलेली, जीभ जड झालेली बाई बघून लोकांनी ताडी जास्त झाली असं ठरवून टाकलं. कितीतरी बसगाड्या आल्या नि गेल्या, माणसं तिला वळसा घालून चढली. शेवटी केळी विकणाऱ्या गंगीने तिला ओळखलं, बसतं केलं आणि उसाचा रस पाजला. हे जयवंतीने मला बाकावर बसल्या बसल्या सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुरुष पिऊन पडला तर निदान त्याला सावलीत ओढतात.

अखेर तिचा नंबर लागला. मनिष सरांनी पेन समजावलं, मी ते तिच्या बोलीत सांगितलं. नव्या पेनात एका टकेला दोन युनिट जातात. आधी हवेत थोडं सोडायची गरज नाही. काचेतला आकडा बघून डोस लावायचा. मग ते म्हणाले, "दहा लावा."

जयवंतीने पेन कानाशी धरलं. एक टक झाली, ती काहीच बोलली नाही. मग "एक, दोन" म्हणत दहापर्यंत गेली आणि सुई स्पंजात खुपसली. मनिष सरांनी काचेत डोकावून पाहिलं, मग तिने बटण दाबलं. "बावीस," ते म्हणाले.

पहिली टक का मोजली नाही, मी विचारलं. ती माझ्याकडे वेडीकडे बघावं तशी बघत राहिली. "पयला माप कणसरीचा. तो कोन मोजतं?" खळ्यावर भात मोजताना पहिलं माप धान्यदेवीच्या, कणसरीच्या नावाने बाजूला ओततात, ते मोजणीत धरत नाहीत. जुन्या पेनात नर्सबाईने आधी थोडं हवेत सोडायला शिकवलं होतं, सुई मोकळी आहे की नाही ते कळायला. ते जयवंतीने कणसरीला देऊन टाकलं होतं. नव्या पेनात देवीचा वाटा हवेत जायचा बंद झाला, तो सरळ अंगात जाणार होता. आणि मोजायची सवय तर कानाचीच होती, तिथे प्रत्येक टक दुप्पट.

मनिष सर हसले. "इंटरेस्टिंग! पण यांना ट्रेनिंग समजलेलं नाही. यांना बाद करू. नाहीतर निकाल उगाच बिघडेल. शितल, त्यांना थँक यू सांगा आणि भेटीचा डबा द्या."

म्हणजे ज्याला पेन कळलं तोच पेनाची परीक्षा घेणार! आणि काचेतला तो आकडा तरी केवढा? तांदळाच्या कणीएवढा. चकती तर साठपर्यंत बिनबोभाट फिरत होती. दहा घेणाऱ्या बाईने साठ लावले तरी पेन अडवणार नव्हतं. मी हे सगळं बोलले, आवाज चढवूनच बोलले. सर म्हणाले, "माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय, आवाज मोजू नका."

"काय सांगतंय तो?" जयवंतीने विचारलं. मी सांगितलं. गोड करून सांगायची माझी इच्छाच नव्हती.

तिने डबा टेबलावर सरकवून दिला. "बैलाला सांगतां का, शेतात जाव नको? त्याला दावा बांधतां. याला दावा कुठं हाय?" मी शब्दन् शब्द मराठीत केला, पेनाला बांधायचं दावं कुठे आहे? सरांनी घड्याळ पाहिलं. "मुद्दा चांगला आहे, पुढच्या मॉडेलला बघू. आत्ता पुढचा माणूस पाठवा."

जयवंती उठली नाही. "माझी चूक लिव."

मी दोन्हीकडचं सांगत होते. "अहो मावशी," सर म्हणाले, "लिहिलं तर तुमचंच वाईट दिसेल. तुम्हाला येत नाही असं होईल."

"नायच येत मना. तेच लिव."

"नियम आहे मावशी. चुकीचं समजलेल्यांना धरत नाहीत."

जयवंतीने टेबलावरचा स्पंज उचलला. बावीस युनिट पाणी पिऊन तो एका बाजूने ओला झाला होता. तिने तो सरांच्या हातात दिला.

"हा पोट माझा असता, तं मी मेली असती का नाय?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. तिचा प्रश्न त्यांना भाषांतराशिवाय कळला होता.

"हो," ते म्हणाले. "तसं होऊ शकलं असतं."

"मग मेलेल्या बाईला बाद कसा करशील?"